बेवारस कुत्र्या-मांजरांचा निवारा काढायचा आहे? आधी जागा मोजा, मग जनावर उचला

नेर : शाळेच्या आवारात कुत्री, बसस्थानकावर कुत्री, मटणाच्या दुकानासमोर तर विचारूच नका. ग्रामपंचायतीत तक्रार गेली की दोन उपाय ठरलेले. एक म्हणजे पोत्यात भरून दुसऱ्या गावच्या शिवारात सोडून या. दुसरा म्हणजे "काहीतरी खायला घाला". या दुसऱ्याचा अर्थ सगळ्यांनाच कळते. दोन्ही उपाय बेकायदेशीर आहेत आणि दोन्हींनी कुत्री कमी होत नाहीत. म्हणून आता काही तरुण विचारतात, आपणच एखादा निवारा काढला तर? न मारता सांभाळू. विचार चांगला आहे, पण अर्धवट माहितीवर सुरू केला तर जनावरांचेही हाल होतात आणि माणसाचेही.

हा प्रश्न आताच का आला, तेही सांगतो. २२ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, नसबंदी आणि लसीकरण झालेली कुत्री जिथून उचलली त्याच भागात सोडा. रेबीज झालेली किंवा अंगावर येणारी मात्र सोडू नका. नंतर ७ नोव्हेंबर २०२५ ला शाळा, दवाखाने, क्रीडा संकुल, बसस्थानक, रेल्वे स्थानक अशा ठिकाणची कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा, परत तिथे सोडू नका, असा आदेश झाला. म्हणजे निवारे लागणार, आणि ते फक्त मुंबई-पुण्यात नाही.

मारून कुत्री संपत नाहीत, हे मुंबईने फार आधी पाहिले. १८३२ मध्ये इंग्रज सरकारच्या कुत्रे मारण्याच्या हुकुमावरून तिथे दंगल झाली, पारशी लोक रस्त्यावर आले. त्यातूनच पुढे १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ उभी राहिली. तरी महापालिकेचे कुत्रे मारणे नंतर कित्येक वर्षे सुरूच राहिले आणि १९९४ मध्ये थांबले. इतक्या वर्षांत संख्या काही आटोक्यात आली नाही. कारण साधे आहे. उकिरडा तोच, उष्टे-खरकटे तेच. दहा मेली की शेजारची दहा येतात, आणि ती नवी असल्यामुळे जास्त भांडतात, जास्त चावतात.

'न मारणारा निवारा' याचा अर्थही नीट समजून घ्या. जागा नाही, खर्च परवडत नाही, म्हातारे झाले, लंगडे आहे, या कारणासाठी एकही जनावर मारायचे नाही, एवढाच त्याचा अर्थ. जे बरे होऊच शकत नाही आणि वेदनेने तडफडत आहे, त्याला पशुवैद्यकाने इंजेक्शन देऊन शांतपणे जाऊ देणे नियमात बसते. ते काम डॉक्टरचेच, आपले नाही. रेबीजचा संशय असलेले कुत्रे वेगळे कोंडून ठेवावे लागते. खरेच रेबीज असेल तर ते साधारण दहा दिवसांच्या आत स्वतःच मरते.

खरी अडचण दाराची

जनावर आत येते, बाहेर जात नाही. इथेच बहुतेक निवारे बुडतात.

हिशेब करून पहा. २० कुत्र्यांची जागा केली. गावाला कळले की हा माणूस कुत्री घेतो. मग कोणी रात्री फाटकाला बांधून जाते, कोणी पिल्लांचे खोके ठेवून जाते. २० जागा वर्षाच्या आत भरतात. सांभाळलेले कुत्रे दहा-बारा वर्षे जगते. जे आले ते बाहेर गेलेच नाही, तर एकविसाव्याची पाळी दहा वर्षांनी येणार. पण तुम्हाला दया येते, तुम्ही एकविसावे घेता, तिसावे घेता, पन्नासावे घेता. मग एकाला पार्व्हो झाला की सगळी पिल्ले आठवड्यात जातात. न मारणारा निवारा म्हणून काढला आणि गर्दीनेच जनावरे मेली, असे होते.

पैशाचेही तसेच. एका कुत्र्यामागे दिवसाला ४० रुपये धरा. भात, भाकर, सोयाबीन वडी, अंडी आणि कोंबडीचे उरलेले तुकडे यात ते भागवता येते. २० कुत्र्यांचे दिवसाला ८०० आणि महिन्याला २४ हजार झाले. औषध, लस, पाणी आणि झाडलोट करणाऱ्याची मजुरी वेगळी. कोरडवाहू कपाशीवर हे पेलत नाही, शेतकऱ्याला सांगायची गरज नाही.

म्हणून चांगला निवारा हा दवाखान्यासारखा असतो, घरासारखा नाही. आजारी, अपघाती आणि आईविना राहिलेली पिल्ले एवढीच आत घ्यावीत. यवतमाळ–अमरावती रस्त्यावर गाडीखाली आलेले कुत्रे आणायचे, बरे करायचे, नसबंदी करायची, लस द्यायची, आणि आपल्या गल्लीत परत पाठवायचे. पिल्लांना घरे शोधायची. यात आपल्या तालुक्याला एक फायदा आहे. इथे रोही आणि रानडुकरांमुळे जागलीला कुत्रे लागतेच. नसबंदी झालेले, लस दिलेले गावठी कुत्रे वावरात न्यायला शेतकरी तयार होतो. फक्त देताना लिहून घ्या, फोटो ठेवा, आणि महिन्याभराने जाऊन पहा की ते चोवीस तास साखळीला तर बांधून नाही.

नसबंदीशिवाय सगळे वाया

कुत्री वर्षातून दोनदा माजावर येते, गाभण राहिल्यावर साधारण ६३ दिवसांत विते, एका वेळी पाच-सहा पिल्ले. मांजर तर चार-पाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते. तुम्ही दहा पिल्ले वाचवता तोवर गावात तीस जन्मलेली असतात.

हे काम खरे तर स्थानिक संस्थेचे आहे. प्राणी जन्म नियंत्रण नियम २०२३ प्रमाणे नगरपरिषद आणि ग्रामपंचायत यांनी भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची मान्यता असलेल्या संस्थेमार्फत नसबंदी करून घ्यायची असते. शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्याचा कान व्ही आकारात कापलेला असतो, म्हणजे तेच कुत्रे पुन्हा पकडले जात नाही. सहा महिन्यांखालील पिल्ले यासाठी पकडायची नाहीत. शस्त्रक्रियेनंतर टाके कोरडे होईपर्यंत चार-पाच दिवस ठेवायला जागा लागते, आणि गावातला छोटा निवारा नेमकी हीच मदत करू शकतो. ग्रामसभेत विषय घ्या, ठराव लिहून घ्या. तोंडी बोललेले कागदावर येत नाही.

लसीचे महत्त्व गोव्याने दाखवले. १०० पैकी ७० कुत्र्यांना दरवर्षी रेबीजची लस पोचली की रोगाची साखळी तुटते, या हिशेबाने तिथे मिशन रेबीज संस्था आणि सरकारने गल्लोगल्ली जाळी घेऊन काम केले. २०२१ मध्ये गोवा 'रेबीज नियंत्रित क्षेत्र' म्हणून जाहीर झाला. कुत्री मारून नाही, टोचून.

रोजच्या कामातल्या गोष्टी

नवीन आलेले जनावर निदान दोन आठवडे वेगळे ठेवा. त्याचे भांडे वेगळे, झाडूही वेगळा. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने राहतो आणि फिनाईलने मरत नाही, त्याला पाण्यात मिसळलेले ब्लीच लागते. पिल्लांना सात-आठ आठवड्यांपासून एकत्रित लस आणि तीन महिन्यांची झाली की रेबीजची.

जखमेत अळ्या पडल्या की आपल्याकडे फिनाईल ओततात. ओतू नका, मांस जळते. जनावरांच्या औषधांच्या दुकानात अळ्यांचा स्प्रे मिळतो.

मांजरांच्या बाबतीत दोन गोष्टी पाठच करा. तापाची आपली पॅरासिटामॉलची गोळी मांजराला विष आहे, एका गोळीतही जीव जातो. आणि ढोरांच्या गोचिडांवर लावतो ते औषध मांजराला चुकूनही लावू नका. मांजरे कुत्र्यांच्या नजरेआड ठेवा. जमिनीवर जागा कमी असली तरी चालेल, पण वर चढून बसायला फळ्या पाहिजेत.

काम करणाऱ्यांनी रेबीजची लस आधीच टोचून घ्यावी. तरीही चावा बसला तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा आणि ग्रामीण रुग्णालय गाठा. हळद, चुना, मिरची काही लावायचे नाही. आधी लस घेतली आहे म्हणून घरी बसायचेही नाही.

कायदा आणि कागद

कुत्र्याला विष घालणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. १९६० च्या प्राणी क्लेश कायद्यात पहिल्या गुन्ह्याचा दंड मात्र अजूनही १० ते ५० रुपये आहे. चहा-नाश्त्याचे पैसे! म्हणून तक्रार देताना कलम ३२५ लावायला सांगा.

खायला घालणाऱ्यांवरूनही भांडणे होतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, ज्यांना खायला घालायचे त्यांनी कुत्री दत्तक घेऊन आपल्या घरी घालावे, असे म्हटले होते. नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या दत्तकाच्या अटीला स्थगिती दिली. पण म्हणून शाळेच्या फाटकावर किंवा लहान पोरांच्या खेळण्याच्या जागी टोपले रिकामे करायचे, असे नाही. २०२३ च्या नियमांतही खाण्याची जागा आणि वेळ ठरवून द्यायला सांगितली आहे.

लोकांकडून वर्गणी घ्यायची तर संस्था लागते. निदान सात जण जमवून धर्मादाय आयुक्त कार्यालयात नोंदणी करा, बँक खाते संस्थेच्या नावाने काढा, मग जीवजंतू कल्याण मंडळाकडे मान्यतेचा अर्ज करा. स्वतःच्या फोनवर पैसे घेणे टाळा, गावात त्याचीच चर्चा आधी होते. जागा वस्तीपासून थोडी दूर, पण पाणी आणि लाईट असलेली बघा. भुंकण्यावरून शेजारी उठले तर निवारा चालत नाही.

आणि भिंत बांधण्याआधी एक दिवस वर्ध्याजवळ पिपरी (मेघे) इथे जाऊन या. पीपल फॉर ॲनिमल्सचे करुणाश्रम तिथे आहे. त्यांना एकच विचारा, महिन्याला किती जनावरे येतात आणि किती बाहेर जातात. फिरत्या पशुचिकित्सा पथकाचा नंबर १९६२ आहे. ते पथक मुख्यतः ढोरांसाठी आहे, पण जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना कोणता आणि केव्हा उघडा, ते तिथून कळू शकते.