हळदीची लढाई आपण जिंकलो. पण नेमकं काय जिंकलो?

परवा फॅमिली ग्रुपवर पुन्हा तोच फॉरवर्ड आला: ‘हळद संधिवात मुळापासून घालवते, अमेरिकेलाही हे मान्य करावं लागलं!’ मी सोडून दिलं असतं. पण असाच मेसेज वाचून आमच्या आत्याने संधिवाताच्या गोळ्या दोन महिने बंद ठेवल्या होत्या. बोटं सुजून पेला धरता येईना, तेव्हा घरात कळलं. म्हणून हा इतिहास नीट सांगतो.

मार्च 1995 मध्ये अमेरिकेने जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला दिलं. गंमत म्हणजे त्यावर नावं असलेले दोन्ही संशोधक भारतीय वंशाचेच! डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे महासंचालक होते. 1996 मध्ये सीएसआयआरने पेटंटला आव्हान दिलं. ‘आमच्या आज्या जखमेवर हळदच दाबायच्या’ एवढ्याने भागणार नव्हतं, छापील पुरावा हवा होता. मग जुन्या ग्रंथांपासून 1953 च्या एका वैद्यकीय लेखापर्यंत 32 संदर्भ शोधून दिले. ऑगस्ट 1997 मध्ये पेटंट कार्यालयाने दावे फेटाळले.

अभिमान वाटावा असंच काम ते. पण निकाल एवढाच होता की हा वापर नवा नाही. हळदीने कुठला आजार बरा होतो, हा प्रश्न तिथे नव्हताच.

तो प्रश्न प्रयोगशाळेत गेला. 1995 मध्येच ह्यूस्टनच्या संशोधकांनी दाखवलं की हळदीतलं कर्क्युमिन रक्तपेशींच्या कुळातल्या पेशींमध्ये एनएफ-कप्पा-बी हे प्रथिन कामाला लागू देत नाही. शरीरात दाह पेटवण्यात या प्रथिनाचा मोठा हात असतो. त्यावर पुढे हजारो निबंध निघाले. पण हे काचेच्या बशीतलं. पोटातून रक्तात कर्क्युमिन जेमतेम पोचतं. 1998 मध्ये बंगळूरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमध्ये मिऱ्यातलं पायपरीन सोबत दिल्यावर ते सुमारे 20 पट वाढलं. मात्र अशा कॅप्सूलांमुळे यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. ह्यूस्टनच्या त्या प्रयोगशाळेचे पुढचे अनेक निबंध मागे घ्यावे लागले. 2017 मध्ये अमेरिकेतल्या रसायनशास्त्रज्ञांनी 120 हून जास्त चाचण्यांचा हिशोब मांडला आणि काटेकोर कसोटीवर एकही यशस्वी ठरली नाही, असं लिहिलं. गुडघेदुखीत थोडा आराम दाखवणाऱ्या लहान चाचण्या आहेत, पण आत्याचा आजार वेगळा.

अमेरिकेसमोर आपण जिंकलो ते पुरावा ठेवून. मग घरच्या ग्रुपवर पुरावा मागितला की लगेच आपण संस्कृतीचे शत्रू कसे होतो?

हळद-दूध जरूर घ्या, मीही घेतो. चालू गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. आत्याच्या गोळ्या परत सुरू झाल्यात. रात्रीचं हळद-दूध तिने सोडलेलं नाही, आणि आम्हीही तिला सोडायला सांगितलेलं नाही.