मोटार-इंजिनाचे शीतन : सुधारित इंजिने आणि विदर्भाचा उन्हाळा

रिमॅप करून (म्हणजे इंजिनाच्या संगणकातील इंधन-इग्निशनचा नकाशा बदलून), मोठा टर्बो बसवून किंवा कॉम्प्रेशन वाढवून ताकद वाढवलेल्या मोटारीचे इंजिन कडक उन्हात सुरक्षित तापमानात ठेवण्याचे तंत्र. कंपनीची शीतनव्यवस्था मूळ ताकदीच्या मापाची असते. ताकद वाढली की तिची राखीव क्षमता खर्ची पडते. मे महिन्यात तर ती मुळातच कमी झालेली असते. ही नोंद वर्धा जिल्ह्यातील सिंदी (रेल्वे) आणि भोवतालचा टापू डोळ्यांपुढे ठेवून केली आहे.

टापू : सिंदी हे सेलू तालुक्यातील गाव नागपूर–वर्धा लोहमार्गावर, बोरखेडी आणि तुळजापूर या स्थानकांच्या मध्ये आहे. शिवार काळ्या मातीचे. पिके कापूस, सोयाबीन, तूर. मेच्या अखेरीस, नवतपाच्या नऊ कडक दिवसांत, या भागात पारा ४५ अंशांपुढे जाणे नवे नाही. सेलू तालुक्यातूनच समृद्धी महामार्ग जातो. त्याचा नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. मोटारींना तेथे ताशी १२० किमीची मर्यादा आहे. हवामान खाते तापमान मोजते ते जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, जाळीदार पेटीतल्या सावलीत. रेडिएटर मात्र गुडघ्याएवढ्या उंचीवरून, दिवसभर तापलेल्या काँक्रीटलगतची हवा ओढतो. वर्तमानपत्रात छापलेल्या आकड्यापेक्षा ती भर उन्हात अधिक गरम असते.

उष्णतेचा हिशेब : पेट्रोल इंजिनात इंधनाच्या ऊर्जेचे ढोबळमानाने तीन वाटे होतात. एक प्रत्यक्ष कामाला लागतो, दुसरा सायलेन्सरवाटे जातो, तिसरा कूलंट आणि तेलात उतरतो. हा तिसरा वाटा बाहेर टाकायचे काम रेडिएटरचे. ताकद ४० अश्वशक्तीने वाढवली, तर पूर्ण जोर लावला असताना कूलंटवर सुमारे २० किलोवॅटचा जादा भार पडतो. घरगुती गिझर एकाच वेळी दहा लावावेत तेवढा.

रेडिएटर किती उष्णता टाकू शकतो हे कूलंट आणि हवा यांच्या तापमानांतील फरकावर ठरते. कूलंट ९५ अंशांवर आणि हवा २५ अंशांवर असेल, तर फरक ७० अंशांचा. हवा ४६ अंशांवर गेली की तो ४९ उरतो. तोच रेडिएटर, तोच पंखा, पण क्षमता ३० टक्क्यांनी कमी. शिवाय २५ अंशांच्या तुलनेत ४६ अंशांची हवा सुमारे ७ टक्के विरळ असते, म्हणजे पंखा तितक्याच फेऱ्यांत कमी वजनाची हवा खेचतो. दोन्ही मिळून घट जवळपास एक तृतीयांशावर जाते. थंड हवेच्या शहरात बांधलेली आणि तिथे निर्धोक चाललेली गाडी नागपूरच्या पुढे आल्यावर का तापते, याचे उत्तर बहुतेक वेळा एवढ्या गणितात मिळते.

वेगाचा भागही महत्त्वाचा आहे. हवेचा अडथळा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ताशी १२० किमीऐवजी १५० किमीने जायचे, तर ती जवळजवळ दुप्पट लागते आणि उष्णताही त्याच अंगाने वाढते. सरळ, सपाट महामार्गावर मर्यादेत चाललेल्या सुधारित गाडीला सहसा त्रास होत नाही. त्रास होतो तो मर्यादा ओलांडून जोरात आल्यावर लगेच टोलनाक्याच्या रांगेत थांबताना : इंजिनात साठलेली उष्णता तेवढीच असते, समोरून येणारा वारा मात्र बंद होतो.

हवेचा मार्ग : इंजिन तापू लागले की प्रथम जाड रेडिएटर घेतला जातो. खरे म्हणजे तो शेवटचा उपाय असावा. मूळ रेडिएटरचा गाभा साधारण १६ ते २६ मिमी जाड असतो, बाजारात मिळणारा ४० ते ५० मिमीचा. पण जाड गाभ्यातून हवा ओढायला पंखाही तेवढा जोरकस लागतो. तो नसेल तर गर्दीत जाड रेडिएटर मूळच्यापेक्षा वाईट वागू शकतो.

आधी पाहायचे ते हवा वाया कुठे जाते हे. जाळीतून आत आलेली हवा सोपी वाट शोधते आणि रेडिएटरच्या कडेच्या फटींतून निसटते. या फटी ॲल्युमिनियमच्या पत्र्याने व फोमपट्टीने बुजवणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय होय. पंख्याभोवती संपूर्ण गाभा झाकणारे आवरण हवे. ते नसले तर पंखा आपल्या वर्तुळापुरतीच हवा ओढतो. ताशी ५०–६० किमीपुढे पंख्याची फारशी गरज उरत नाही. म्हणून गाडी गर्दीत तापत असेल तर दोष पंख्याच्या बाजूला शोधावा. मोकळ्या रस्त्यावर वेगात तापत असेल तर रेडिएटर, पंप किंवा इंजिनाच्या जुळणीकडे पाहावे.

आत आलेल्या हवेला बाहेरची वाटही लागते. बॉनेटची मागची कड वॉशर घालून उचलण्याची पद्धत गॅरेजांत लोकप्रिय आहे. उभ्या गाडीत तिचा उपयोग होतो, पण वेगात समोरच्या काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब वाढतो आणि त्या फटीतून हवा उलट आत शिरू शकते. हवा सोडणारे झरोके पाडायचेच तर बॉनेटच्या पुढच्या भागात, रेडिएटरच्या किंचित मागे पाडावेत. एसीचा कंडेन्सर आणि टर्बोची हवा गार करणारा, पुढे बसवलेला इंटरकूलर रेडिएटरच्या आधी हवा गरम करतात. काटा चढू लागला की एसी बंद करून हीटर सुरू करण्याचा चालकांचा जुना उपाय शास्त्राला धरून आहे, कारण हीटरचा गाभा हा दुसरा छोटा रेडिएटरच असतो.

आजचा रेडिएटर ज्या कल्पनेवर उभा आहे ती व्हिल्हेल्म मायबाख यांची. १९०१ सालच्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीजसाठी त्यांनी ८,०७० बारीक नळ्यांचा मधपोळ्यासारखा रेडिएटर केला. पाणी कमी आणि हवेला भिडणारा पृष्ठभाग जास्त, हे सूत्र तेव्हापासून बदललेले नाही.

कूलंट : उष्णता वाहून नेण्यात शुद्ध पाणी ग्लायकॉलच्या मिश्रणापेक्षा सरस असते, पण ग्लायकॉल उत्कलनबिंदू वाढवते आणि त्यासोबतची रसायने गंज रोखतात. विदर्भात गोठण्याची भीती नसल्याने निम्म्याऐवजी ३० टक्के ग्लायकॉल पुरते, असे काही जाणकार म्हणतात. कंपन्यांच्या पुस्तिका सहसा निम्म्याचेच प्रमाण देतात. रेडिएटरच्या झाकणाची स्प्रिंग शाबूत हवी. १.१ बार दाबाखाली साधे पाणीही सुमारे १२१ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण सैल पडले की ही सवलत जाते. आणि याच कारणाने तापलेल्या गाडीचे झाकण कधीही उघडू नये : दाब सुटताच आतले पाणी उसळून तोंडावर येते.

बोअरचे पाणी वापरू नये. त्यातले क्षार नळ्यांत साचतात, आणि हा थर ॲल्युमिनियमच्या तुलनेत सुमारे शंभरपट वाईट उष्णतावाहक असतो. थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला आजही दिला जातो. पण ज्या इंजिनांत थर्मोस्टॅटच बायपासची वाट बंद करतो, तेथे तो काढल्यावर कूलंट रेडिएटर टाळून फिरू लागते आणि गाडी अधिक तापते.

टर्बो व इंधन : ०.८ बार बूस्ट (जादा दाब) देणारा, ७० टक्के कार्यक्षमतेचा टर्बो २५ अंशांची हवा दाबून सुमारे १०३ अंशांवर नेतो, ४६ अंशांची हवा १२९ वर. चांगल्या इंटरकूलरनंतरही पहिली ४८ च्या, तर दुसरी ७१ च्या आसपास उतरते. एवढ्या गरम हवेत नॉकिंगचा (इंधन अवेळी पेटून ठोके पडण्याचा) धोका वाढतो, म्हणून मूळ इसीयू (इंजिनाचा संगणक) इग्निशन मागे घेतो आणि बूस्ट कमी करतो. रिमॅप करताना हे संरक्षण सैल केले जाते तिथे पिस्टन आणि हेड गॅस्केट धोक्यात येतात. चाकणची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय आणि रांजणगावची अबार्थ पुंटो या महाराष्ट्रात बनलेल्या दोन टर्बो गाड्या रिमॅप करणाऱ्यांच्या आवडत्या. उन्हाळ्यासाठी त्यांचा वेगळा, सौम्य नकाशा ठेवणे शहाणपणाचे.

जास्त ऑक्टेनचे पेट्रोल नॉकिंग रोखते. इंडियन ऑइलचे १०० ऑक्टेनचे एक्सपी-१०० पेट्रोल डिसेंबर २०२० मध्ये आले तेव्हा पहिल्या १० शहरांत मुंबई आणि पुणे होते, नागपूर नव्हते. इ-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमधील इथेनॉल ऑक्टेन वाढवते, आणि बाष्प होताना पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता शोषत असल्याने आत येणारी हवा गार करते. मात्र त्याची ऊर्जा लिटरमागे सुमारे एक तृतीयांशाने कमी असते, त्यामुळे जुन्या रिमॅपवर मिश्रण पातळ होऊ शकते. जुन्या रबरी नळ्यांवरील परिणामांविषयी मतभेद आहेत.

तेल : १३० अंशांपुढे तेलाचे आयुष्य झपाट्याने घटते, थर्मोस्टॅट असलेला ऑइल कूलर बसवावा.

स्पर्धा : राज्यातील नावाजलेली रॅली नाशिककडची आणि कार्टिंगचा ट्रॅक कोल्हापूरचा, दोन्हीकडचा उन्हाळा वर्ध्यापेक्षा सौम्य, म्हणून तिथे चाललेली जुळणी इथे पुरेलच असे नाही.

कायदा : मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलांहून वेगळा ठरेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक अनधिकृत बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा घातली.

मोजमाप : ३० मे २०२४ रोजी नागपुरातील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंशांची नोंद केली आणि ती देशभर पसरली, पुढे हवामान खात्याने तो सेन्सरचा दोष असल्याचे स्पष्ट केले. गाडीतही दिसणाऱ्या आकड्यावर आंधळा विश्वास नको. डॅशबोर्डवरचा काटा बहुतेक गाड्यांत सुमारे ७५ ते १०५ अंशांपर्यंत मधोमधच थांबेल असा मुद्दाम बसवलेला असतो. तो हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. सुधारित गाडीत कूलंट, तेल आणि आत येणारी हवा यांचे आकडे स्वतंत्रपणे दिसावेत. गाडीच्या तपासणीसाठी असलेल्या ओबीडी पोर्टला जोडायचे साधे यंत्रही निदान कूलंट आणि हवेचा आकडा दाखवते. कूलंट १०५ च्या वर किंवा आतली हवा ६० च्या वर टिकून राहिली, तर बूस्टवरचा पाय काढावा, एसी बंद करावा आणि गाडी संथ पण चालती ठेवावी. थांबावेच लागले तर, तापमान उतरत असेल तोवर, टर्बोसाठी मिनिटभर इंजिन सुरू ठेवून मग बंद करावे. गरम इंजिनावर गार पाणी ओतू नये. कापूस वेचणीनंतर रेडिएटरच्या पाकळ्यांत अडकलेले तंतू आणि धूळ मागून पुढे, कमी दाबाच्या पाण्याने धुवावी.