कलन हाउस : एका हवेलीची चौदा घरे

स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील मरे परगण्यात, कलन गावाच्या नैर्ऋत्येस सुमारे एक किलोमीटरवर कलन हाउस ही भव्य हवेली उभी आहे. फिंडलेटर व पुढे सीफिल्डचे अर्ल झालेल्या ओगिल्वी घराण्याचे हे पिढीजात निवासस्थान. इ. स. १६०० मध्ये तिचे बांधकाम सुरू झाले. जागेवरील जुन्या इमारतीचे काही दगडकाम त्यात सामावून घेण्यात आले. मूळ आराखडा इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखा, म्हणजे काटकोनात जोडलेल्या दोन भागांचा होता. तत्कालीन स्कॉटिश सरदारांच्या मनोरेवजा घरांची ही रूढ पद्धत होय.

अठराव्या शतकात अॅडम या ख्यातनाम वास्तुकार घराण्याचा हवेलीशी संबंध आला. विल्यम अॅडम यांनी १७४४ मध्ये हवेलीजवळील ओढ्यावर एकाच कमानीचा उंच पूल बांधला. त्यांचे पुत्र जॉन व जेम्स यांनी हवेलीत फेरफार केले. आणखी एक पुत्र रॉबर्ट यांनी तर अगदी नव्या वाड्याचे आराखडे काढले होते. ते कागदावरच राहिले.

१८२० च्या दशकात हवेलीचा परिसर वाढविण्यासाठी शेजारचे अख्खे गाव पाडण्यात आले आणि रहिवाशांसाठी समुद्राजवळ नवे गाव वसविले गेले. जुने चर्च तेवढे मागे राहिले. सौंदर्यदृष्टीची ही किंमत कोणी मोजली, हे वेगळे सांगायला नको.

आज दिसणारे रूप मुख्यतः डेव्हिड ब्राइस यांचे आहे. १८५८ ते १८६८ या काळात त्यांनी वेगवेगळ्या शतकांत वाढत गेलेल्या भागांना ‘स्कॉटिश बॅरोनियल’ शैलीत एकरूप केले. भिंतींच्या कोपऱ्यांतून बाहेर झुकलेले टोकदार छपरांचे छोटे बुरूज, पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणाऱ्या त्रिकोणी भिंती आणि छपरातून डोकावणाऱ्या कोरीव खिडक्या ही या शैलीची लक्षणे. बुरुजांवरून शत्रूवर नेम धरण्याचे दिवस तोवर केव्हाच सरले होते. किल्ल्याचा हा थाट केवळ घराण्याच्या पुरातनत्वाची ग्वाही देण्यासाठी होता. तरीही ब्राइस यांचे काम नकली वाटत नाही, कारण त्याखाली सतराव्या शतकातील खऱ्या भिंती आहेत.

विसाव्या शतकात अशा घरांचा खर्च मालकांना पेलेनासा झाला. स्कॉटलंडमधील शेकडो हवेल्या त्या शतकात जमीनदोस्त झाल्या. कलन हाउसमधील सामानाचा १९७५ मध्ये लिलाव झाला आणि १९८२ मध्ये हवेली किट मार्टिन यांनी विकत घेतली. मोठी घरे विभागून वाचविण्यात त्यांचा हातखंडा होता. स्थानिक वास्तुकार डग्लस फॉरेस्ट यांच्या साहाय्याने त्यांनी हवेलीची चौदा स्वतंत्र घरे केली. अशा कामांत इमारत शक्यतो उभी विभागायची, प्रत्येक घराला स्वतःचे दार द्यायचे आणि भव्य दालनांत आडव्या-तिडव्या भिंती घालायच्या नाहीत, असे मार्टिन यांचे सूत्र होते. सरसकट मजल्यांप्रमाणे विभागणी केली, तर छताच्या नक्षीचे आणि जिन्यांचे तुकडे पडतात.

विभागणीचे काम झाल्यानंतर, १९८७ मध्ये, हवेलीला भीषण आग लागली. ट्रॉयच्या वेढ्याची दृश्ये रंगविलेले सतराव्या शतकातील लाकडी छत त्यात नष्ट झाले. हे नुकसान भरून येणारे नव्हते. फॉरेस्ट यांच्याच देखरेखीखाली १९८९ पर्यंत इमारतीचे पुनरुज्जीवन झाले. एकच मालक, रिकामे घर आणि जळालेले छप्पर अशी स्थिती असती, तर ही हवेली उभी राहिली असती का, याची शंकाच आहे.

कलन हाउस ‘अ’ वर्गात संरक्षित असून तेथे आजही खासगी कुटुंबे राहतात. या वर्गातील इमारतीचे स्वरूप बदलेल असे कोणतेही काम, मग ते आतील का असेना, स्थानिक नियोजन प्राधिकरणाच्या परवानगीखेरीज करता येत नाही.