मासेमारीचे प्रशिक्षण : कुठे मिळते, काय उपयोगी पडते

गोव्यापासून पालघरपर्यंतच्या किनाऱ्यावर मासेमारीचे पहिले शिक्षण घरातच होते. वारा, भरती-ओहोटी, जाळे कुठे टाकायचे हे मुलगा वडिलांच्या होडीवर शिकतो. त्याला पर्याय नाही. पण आता नौकेवर डिझेल इंजिन, जीपीएस आणि व्हीएचएफ आले आहेत. शिवाय मोठ्या नौकेची जबाबदारी घ्यायची तर नुसता अनुभव पुरत नाही, दाखलाही लागतो. सभासदांच्या माहितीसाठी मुख्य सोयी खाली दिल्या आहेत.

सिफनेट, कोची : केंद्र सरकारची ही संस्था १९६३ साली सुरू झाली. चेन्नई व विशाखापट्टणम येथे तिच्या शाखा आहेत. दहावी झालेल्यांसाठी नौकानयन (व्हेसल नेव्हिगेटर) आणि इंजिन (मरीन फिटर) असे दोन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत. पुढे समुद्रावर ठरावीक काळ काम करून मर्कंटाइल मरीन डिपार्टमेंटच्या परीक्षा देता येतात आणि मेट, स्किपर किंवा इंजिनिअर होता येते.

महाराष्ट्र शासनाची केंद्रे : वेसावे, रत्नागिरी अशा ठिकाणी नौकानयन व सागरी डिझेल इंजिनाची देखभाल शिकवणारा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम असतो. चौथीपर्यंत शिकलेल्या तरुण मच्छीमारालाही प्रवेश मिळतो. पोहता मात्र आले पाहिजे.

पदवी : रत्नागिरीजवळ शिरगावला कोकण कृषी विद्यापीठाचे मत्स्य महाविद्यालय आहे. बारावी विज्ञाननंतर तेथे चार वर्षांची पदवी घेता येते.

नेटफिश : निर्यात विकास प्राधिकरणाचा हा उपक्रम २००७ पासून बंदरांवर जाऊन लहान वर्ग घेतो. मासळी धुणे, बर्फ लावणे, क्रेटमध्ये भरणे हे शिकवतो. मासळीइतकाच बर्फ हा साधा नियम पाळला तरी मालाला दर चांगला मिळतो.

सर्वांत महत्त्वाचा विषय सुरक्षेचा. गोव्यातील ट्रॉलरवर ओडिशा, झारखंडकडचे बरेच खलाशी असतात. त्यांतील अनेकांनी लहानपणी समुद्र पाहिलेला नसतो. लाइफ जॅकेट कसे बांधायचे, व्हीएचएफच्या १६ क्रमांकाच्या चॅनलवर मदत कशी मागायची, तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक कधी फिरवायचा, हे तांडेलाने त्यांना पहिल्या फेरीपूर्वीच शिकवावे. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांच्या बंदीकाळात त्यासाठी सवड असते.

पैशांचे थोडे. २०१८-१९ पासून किसान क्रेडिट कार्ड मच्छीमारांनाही मिळते. डिझेल, बर्फ, मजुरी अशा खेळत्या भांडवलासाठी ते आहे. बँकेत जाताना नौकेची नोंदणी व मासेमारीचा परवाना बरोबर न्यावा. प्रत्येक फेरीचा जमाखर्च वहीत लिहिण्याची सवयही प्रशिक्षणाचाच भाग समजावी. वही नीट असेल तर धंदा कसा चालतो ते बँकेला समजते आणि घरच्यांनाही.

प्रवेशाच्या तारखा व अटी दरवर्षी बदलू शकतात. अर्ज करण्यापूर्वी जवळच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात खात्री करून घ्यावी.