अमळनेरचे तत्त्वज्ञान आणि वर्गातला मुलगा

अमळनेर हे कापसाचे, गिरणीचे गाव. तिथले गिरणीमालक श्रीमंत प्रतापशेठ यांनी १९१६ साली गावात तत्त्वज्ञान मंदिर काढले. कापडाच्या नफ्यातून वेदान्ताचा अभ्यास चालावा, लांबलांबच्या विद्वानांनी खानदेशच्या उन्हात येऊन राहावे, ही कल्पनाच विलक्षण. याच संस्थेने १९३० साली बंगालचे तत्त्वज्ञ कृष्णचंद्र भट्टाचार्य यांचा 'द सब्जेक्ट अ‍ॅज फ्रीडम' हा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. जाणणारा जो 'मी', तो एखाद्या वस्तूसारखा समोर ठेवून दाखवता येत नाही. देह, मन यांच्यापासून पायरीपायरीने मोकळे होत जाणे हेच त्याचे स्वरूप, असा त्याचा साधारण आशय आहे.

त्यानंतर तेरा वर्षांनी, १९४३ मध्ये, झां-पॉल सार्त्रचा मोठा ग्रंथ पॅरिसमध्ये निघाला. दोघांची वाट एक नव्हे. भट्टाचार्यांचा 'मी' जगापासून मागे सरतो, सार्त्रचा माणूस जगात ढकललेला असतो. पण माणूस ही वस्तू नाही, इथे दोघे भेटतात. आणि शाळामास्तराला तेवढे पुरे.

लोहार कुदळ घडवतो तेव्हा ती कशासाठी हवी, हे आधीच त्याच्या डोक्यात असते. माणसाचे तसे नाही, असे सार्त्र सांगतो. माणूस आधी असतो. तो कोण, हे पुढे त्याच्या निवडीतून ठरत जाते. अस्तित्ववादाचे बी एवढेच. निराशा, एकाकीपणा वगैरे फांद्या आपण परीक्षेसाठी जास्त वाढवल्या.

सार्त्र १९३१ पासून ल हाव्र या बंदराच्या गावी शाळेत शिकवत होता, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. १९४५ च्या प्रसिद्ध व्याख्यानात त्याने आपल्या एका विद्यार्थ्याची हकीकत सांगितली. भाऊ १९४० च्या लढाईत मारला गेलेला, आईला आधार याचाच, आणि याच्या मनात इंग्लंड गाठून फ्रान्ससाठी लढायचे. आईजवळ राहू की जाऊ? सार्त्रने उत्तर दिले की तू मोकळा आहेस, तूच निवड.

मला हे उत्तर खरे वाटते, आणि थोडे कोरडेही. म्हणून त्याच्या शेजारी मी आपल्याकडचा एक शिक्षक आणून बसवतो. पांडुरंग सदाशिव साने हे तत्त्वज्ञान मंदिरात अभ्यासासाठी आले आणि १९२४ साली अमळनेरच्याच हायस्कुलात शिक्षक झाले. छात्रालयात मुलांच्या खोल्या त्यांनी झाडल्या. मुलांसाठी हाताने लिहून 'छात्रालय दैनिक' काढले, म्हणजे ज्यांचे चेहरे, घरे, दुखणी आपल्याला ठाऊक आहेत अशा मोजक्या वाचकांसाठी. १९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. त्यांना अस्तित्ववादी कोणी म्हणू नये; ते गांधींच्या वाटेचे, देव मानणारे. पण निवड म्हणजे काय आणि तिची किंमत काय, हे त्यांच्या विद्यार्थ्यांनी डोळ्यांदेखत पाहिले.

पुढे १९३२ साली हेच गुरुजी धुळ्याच्या तुरुंगात विद्यार्थी होऊन बसले. २१ फेब्रुवारी ते १९ जून, दर रविवारी विनोबा गीतेवर बोलत आणि गुरुजी लिहून घेत. त्यामुळेच ती अठरा प्रवचने आज आपल्या हाती आहेत. गीतेवर हा काय बोलणार, असे कुणाच्या मनात येईल. पण धुळ्याच्या तुरुंगातला तो वर्ग माझ्याही मुलखाचा ठेवा आहे. अर्जुनाचा निर्णय दुसऱ्या कुणाला घेता येत नाही. सगळे सांगून झाल्यावर कृष्णही, आता विचार कर आणि तुला वाटेल तसे कर, असेच म्हणतो. सार्त्रपेक्षा वेगळे काही नाही. फक्त त्याआधी तो अठरा अध्याय बोलत राहिला आहे, आणि नंतरही रथ सोडून जात नाही.

खानदेशात 'अस्तित्ववाद' हा शब्द मात्र आला तो 'कोसला'बरोबर. यावल तालुक्यातल्या सांगवीच्या भालचंद्र नेमाड्यांची ही कादंबरी १९६३ ची. पुढे 'बिढार', 'जरीला', 'झूल'मध्ये त्यांनी चांगदेव पाटील हा कॉलेजातला प्राध्यापकच नायक केला. ते स्वतः धुळ्यालाही शिकवत होते. परीक्षांच्या घाण्यात पिळून निघालेल्या मुलाची कादंबरी आम्हाला बी.ए.ला परीक्षेसाठी होती. 'कोसलातील अस्तित्ववादी जाणिवा स्पष्ट करा.' आम्ही केल्या. बी.एड.च्या पुस्तकांतही आदर्शवाद, निसर्गवाद, कार्यवाद यांच्या रांगेत हा वाद उभा असतो, आणि पेपर झाला की रांग मोडते.

मला तो कळला तो हजेरीपटामुळे. आमच्या घरात उर्दू, गल्लीत अहिराणी, शाळेत मराठी. एका शिक्षकांनी माझा निबंध वर्गात वाचून दाखवला आणि कौतुकाने म्हणाले, "मुसलमान असून मराठी काय छान लिहितो!" त्यांच्या मनात खोट नव्हती, आणि म्हणूनच ते वाक्य अजून राहिले आहे. त्या 'असून'मध्ये मी कोण हे आधी ठरले होते, निबंध नंतर आला. घरी परतल्यावर मोहल्ल्यातले वडीलधारे विचारत, मराठीत शायरी करतोस, मग उर्दूचे काय? कुदळ दोन्हीकडे घडवलेलीच होती. मी मराठीत लिहीत राहिलो. कुणाला उत्तर द्यायचे म्हणून नव्हे. मला सुचतेच मराठीत.

साठ मुलांचा वर्ग, संपवायचा पोर्शन, वर निवडणुकीची कामे. यात प्रत्येक मुलाचे अस्तित्व कधी बघायचे, असे शिक्षक मित्र विचारतात. त्यांची अडचण खरी आहे. काही वर्षांपूर्वी शिरपूर तालुक्यातल्या एका आश्रमशाळेने मला मुलांशी कवितेवर बोलायला बोलावले होते. एका पावरा मुलीच्या वहीत तिच्या बोलीतला एक शब्द होता आणि त्याखाली लाल रेघ. मी अर्थ विचारला. पावसाआधी वारा पडतो आणि झाडाचे पानही हलत नाही, ती वेळ. "मग उकाडा लिही ना," बाई म्हणाल्या. मुलगी म्हणाली, "उकाडा वेगळा, बाई." बाई थोडा वेळ विचार करत राहिल्या, मग म्हणाल्या, "हो, वेगळा." आम्ही दोघे मराठी शब्द शोधू लागलो. तेवढ्यात मुलीने मला विचारले, "तुमच्या घरी काय म्हणतात?"

आमच्या घरी उमस म्हणतात. तोही अगदी तोच नाही, असे तिचे मत पडले.