भूर्जवृक्ष आणि भूर्जपत्र

तालपत्र आणि भूर्जपत्र हे शब्द आपण जोडीने उच्चारतो. त्यामुळे दोन्ही झाडांची पानेच होत, अशी पुष्कळांची समजूत होते. वस्तुतः तालपत्र हे ताडवर्गातील झाडाचे पान, तर भूर्जपत्र ही भूर्जवृक्षाची साल होय. ‘कुमारसंभवा’त विद्याधरस्त्रिया धातुरसाने प्रेमपत्रे लिहितात, तेथे कालिदासाने ‘त्वचा’ असाच शब्द योजिला आहे.

हिमालयात सुमारे ३,००० ते ४,५०० मीटर उंचीवर, जेथे अरण्याची सीमा संपते, तेथे हा वृक्ष वाढतो. अनुकूल स्थळी तो २० मीटरपर्यंत उंच होतो. त्याची साल पूर्वेकडे तांबूस, तर पश्चिमेकडे शुभ्र असते. तिच्यावर आडव्या रेषा असून तिचे कागदासारखे पातळ पापुद्रे सुटतात. १८२५ साली डेव्हिड डॉन याने यास ‘बेट्यूला यूटिलिस’, म्हणजे ‘उपयोगी भूर्ज’, असे नाव दिले. त्याच्या शुभ्र जातीस व्हिक्टर जाकमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाचे नाव आहे. काश्मीर व हिमालय हिंडून आलेला हा तरुण १८३२ साली मुंबईत मरण पावला. ती शुभ्र जाती आज युरोपातील उद्यानांचे भूषण झाली आहे.

अकराव्या शतकात अल्बेरूनीने नोंदविले आहे की, ही साल तेल लावून, घोटून गुळगुळीत करीत. पत्रांवर क्रमांक घालीत आणि पोथी वस्त्रात गुंडाळून दोन फळ्यांमध्ये ठेवीत. १८८१ साली पेशावरजवळ बख्शाली येथे सापडलेला गणितग्रंथ अशाच ७० पत्रांवर आहे. १८७५ साली ब्यूलर यांनी काश्मिरातून मिळविलेल्या शारदा लिपीतील भूर्जपोथ्या आज पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात आहेत. कागदाच्या प्रसाराने ही लेखनविद्या मागे पडली. पण यंत्रलेखनासाठी भूर्जपत्राची मागणी राहिलीच.

गंगोत्रीहून गोमुखास जाणाऱ्या वाटेवरील भोजबासा हे स्थान भूर्जवृक्षांवरूनच नाव पावले. तेथील वृक्ष सरपणासाठी तुटत गेले आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांची पुन्हा लागवड करावी लागली. वृक्षाने आपण होऊन टाकलेला पापुद्रा उचलल्याने त्यास इजा होत नाही. परंतु आतील साल सोलली, तर अन्नरसाचा मार्गच खंडित होतो. ज्या वृक्षाने आपल्या त्वचेवर आपले ज्ञान जतन केले, त्याची त्वचा यात्रेची खूण म्हणून ओरबाडून आणण्यात कोणते पुण्य? यात्रेस जाणाऱ्या भाविकांनी त्या वृक्षाचे दर्शन घ्यावे, नमस्कार करावा आणि रिक्त हस्ते परतावे.