गोल काळे करण्याची विद्या

माझा भाचा सध्या ‘कॅट’च्या तयारीला लागला आहे. व्यवस्थापन शिकवणाऱ्या आयआयएम नावाच्या संस्थांची ही प्रवेश परीक्षा. परवा मी त्याच्याशेजारी बसलो होतो. एका गणिताकडे त्याने जेमतेम दहा सेकंद पाहिले आणि तो पुढे गेला. मी म्हणालो, “अरे, सोडवून तर बघ.” तो म्हणाला, “मामू, सब सवाल करने के नै. छोडना आना.”

आमच्या पिढीला गुरुजींनी शिकवले होते, की पेपर कोरा ठेवू नका, काहीतरी लिहा. इथे काहीतरी लिहिले आणि ते चुकले, तर मिळवलेले गुणही कापले जातात. ही उलटी विद्या आली कुठून?

धंदा शिकायचा तर गल्ल्यावर बसायचे, ही आपली जुनी रीत. सावकाराच्या पोराला कधी प्रवेश परीक्षा नव्हती. अमेरिकेत मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर व्यवस्थापन शिकू इच्छिणाऱ्यांची गर्दी झाली. प्रत्येकाचे कॉलेज वेगळे, गुण देणारे हात वेगळे. मग तुलना कशी करायची? 1953 मध्ये तिथल्या नऊ संस्थांनी एकत्र येऊन सर्वांना एकच फूटपट्टी लावायचे ठरवले आणि 1954 मध्ये पहिली परीक्षा झाली. आज ‘जीमॅट’ म्हणतात ती हीच.

आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर पोलादाचे कारखाने उभे राहिले, धरणे झाली. ती चालवायला माणसे हवी होती, आणि ती मालकाचीच मुले असून भागणार नव्हते. 1959 मध्ये जॉर्ज रॉबिन्स या अमेरिकी प्राध्यापकांनी सरकारला अहवाल दिला आणि 1961 मध्ये कोलकाता व अहमदाबाद इथे दोन आयआयएम सुरू झाल्या. कोलकात्याला अमेरिकेतल्या एमआयटीचे साहाय्य होते, अहमदाबादला हार्वर्डचे. अहमदाबादच्या संस्थेमागे विक्रम साराभाईंची धडपड होती. मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था 1965 ची. गल्ला वारशाने न मिळालेल्या मुलालाही कारखाना चालवता येईल, हे या संस्थांनी दिलेले मोठे वचन. त्या वचनाच्या दारात परीक्षा उभी राहिली.

या परीक्षेचा निकाल टक्क्यांत नव्हे, पर्सेंटाइलमध्ये लागतो. 99 पर्सेंटाइल म्हणजे शंभरात 99 गुण नव्हेत. शंभरातले 99 जण तुमच्या मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. लाखभर मुले बसली, तर 99 पर्सेंटाइलवाल्याच्या पुढेही हजारभर असतात. तुम्ही किती शिकलात हे ती विचारत नाही, किती जणांना मागे टाकलेत हे विचारते.

आणि विचारते तेही इंग्रजीत. केंद्रीय नागरी सेवेची परीक्षा 1979 पासून मराठीतही देता येते. कॅटला ती सोय नाही. गणिताचा प्रश्नसुद्धा आधी इंग्रजी वाक्य म्हणून सोडवावा लागतो.

हे मला कळले माझ्या धाकट्या बहिणीमुळे, म्हणजे या भाच्याच्या आईमुळे. सोलापुरात मराठी माध्यमात शिकलेली ती पोर. गणित पक्के, पण उतारा आला की अडायची. मी बीए, त्यातून कविता लिहिणारा, म्हणून उताऱ्यांचे काम माझ्याकडे आले. रोज एक इंग्रजी अग्रलेख आम्ही दोघे मिळून वाचायचो. लेखकाला काय म्हणायचे आहे, आणि काय म्हणायचे नाही. शब्दांच्या याद्या पाठ करण्यापेक्षा त्याचाच तिला उपयोग झाला.

23 नोव्हेंबर 2003, रविवार. रमजानचे शेवटचे दिवस. आदल्या दिवशी आम्ही पुण्याला खालाकडे मुक्कामाला गेलो. पहाटे सहरी करून, रोजा धरून ती केंद्रावर गेली. दोन तास गोल काळे करून बाहेर आली तेव्हा ओठ सुकले होते, पण चेहरा हसरा होता. “उतारे जमले, भाईजान,” म्हणाली.

ईदचा चंद्र दिसण्याआधी बातमी आली. प्रश्नपत्रिका फुटली होती, परीक्षा रद्द. सीबीआयने टोळी पकडली होती. लाखाहून अधिक मुलांचे श्रम पाण्यात गेले. ईदला शीरखुर्म्याची वाटी हातात घेऊन बहीण एवढेच म्हणाली, “ज्यांनी पेपर विकत घेतला, त्यांच्याकडे गल्ला होताच ना?” मला उत्तर सुचले नाही.

15 फेब्रुवारी 2004 ला फेरपरीक्षा झाली. तिने दिली, पण त्या वेळी उतारे जमले नाहीत. एकाही आयआयएमचे बोलावणे आले नाही. पुढे राज्याच्या सीईटीतून तिने एमबीए केले. आज ती बँकेत कर्जाच्या फायली तपासते, आणि चांगल्या तपासते.

2009 पासून कॅट संगणकावर गेली, काळे करायचे गोल संपले. 2015 मध्ये पडद्यावर कॅल्क्युलेटर आला, 2020 मध्ये करोनाच्या काळात तीन तासांची वेळ पुन्हा दोन तासांवर आली. आयआयएम वीसहून अधिक झाल्या. नागपूरला 2015 मध्ये एक आली, मुंबईतल्या ‘निटी’ची 2023 मध्ये आयआयएम झाली. दारे वाढली, दारावरची भाषा तीच राहिली.

त्या रात्री भाच्याबरोबर मीही एक उतारा वाचला. गरिबी आणि शिक्षण यांवरचा होता. चार पर्यायांपैकी मी ‘ब’ निवडला, त्याने ‘ड’. मी हट्टाने म्हणालो, “बाबा रे, ‘ब’ खरे आहे. मी आयुष्यात पाहिले आहे.”

तो हसला. “खरे असेल मामू. पण उताऱ्यात किधर है?”

पुन्हा वाचले. उताऱ्यात ते नव्हते. उत्तर ‘ड’च होते. स्वयंपाकघरातून बहीण म्हणाली, “भाईजान, हे तुम्हीच मला शिकवले होते.”

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)